चेहऱ्यावरची सुई आणि दुष्परिणामांचा हिशेब

आमच्या उमापुरातील एका निवृत्त गुरुजींच्या चेहऱ्याची डावी बाजू काही वर्षांपासून आपोआप आकसत असे. डोळा मिटे, गाल ओढला जाई, बोलताबोलता ओठांचा कोपरा वर खेचला जाई. सारे आयुष्य वर्गासमोर उभे राहिलेल्या ह्या माणसाला चारचौघांत बसणे नकोसे झाले. अखेर शहरातील एका मोठ्या रुग्णालयात अचूक निदान झाले आणि चेहऱ्याच्या स्नायूंत इंजेक्शने देण्यात आली. गुरुजी समाधानाने घरी परतले. चौथ्या-पाचव्या दिवशी आकसणे थांबू लागले. परंतु त्याबरोबरच डावी पापणी खाली आली आणि तोंडाचा कोपराही ढिला पडला. घरात एकच आकांत झाला. लकवा मारला, असे ज्याने त्याने ठरविले. रात्री जीप करून गुरुजींना तालुक्याला नेले, तेथून पुढे पाठविले. सलाईन लागले, मेंदूचा स्कॅन झाला. मूळ उपचाराहून ह्या धावपळीचा खर्च अधिक झाला. पुढे सहा-सात आठवड्यांत पापणी आपसूक पूर्ववत झाली, कारण तो लकवा नव्हताच. तो इंजेक्शनाचा एक परिचित आणि तात्पुरता दुष्परिणाम होता.

घरच्यांची ह्यात चूक नव्हती. तोंड एकाएकी वाकडे झाले तर डॉक्टरकडे धाव घेणे हेच शहाणपणाचे असते. चूक ही, की असे होऊ शकते, किती दिवस टिकते आणि झाल्यास कोणाला विचारावे हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. गुरुजींनी आता पुन्हा सुई टोचून घ्यायची नाही असा निश्चय केला आहे, आणि त्यांचा चेहरा आज पूर्वीसारखाच आकसतो. एका साध्या कागदाअभावी एक उपयुक्त उपचार वाया गेला. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. परंतु हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. सुईचा लाभ एकाने घ्यावा आणि तिच्या परिणामांचा भार दुसऱ्याने वाहावा, अशी ही व्यवस्था आहे. तिचा हिशेब मांडणे अर्थशास्त्राच्या कक्षेत येते.

विषाचे औषध कसे झाले

गुरुजींना दिलेले द्रव्य बोट्युलिनम टॉक्सिन म्हणून ओळखले जाते. 'बोटॉक्स' हे त्याच्या एका व्यापारी प्रकाराचे नाव. एका जिवाणूपासून मिळणारे हे अत्यंत प्रखर विष आहे. बिघडलेले सॉसेज खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन जर्मनीतील युस्टिनुस केर्नर ह्या वैद्याने १८२०च्या दशकात केले आणि हेच विष अल्प मात्रेत औषध ठरू शकेल, असा तर्कही त्याने मांडला. तो प्रत्यक्षात यायला दीडशे वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट ह्यांनी तिरळेपणावर ह्या द्रव्याचा वापर केला, आणि १९८९ मध्ये अमेरिकेने तिरळेपणा व पापण्यांचे आकसणे ह्यांसाठी त्यास मान्यता दिली. दरम्यान कॅनडातील कॅरथर्स दांपत्याच्या, म्हणजे नेत्रतज्ज्ञ पत्नी आणि त्वचारोगतज्ज्ञ पती ह्यांच्या ध्यानात आले की, पापण्यांसाठी इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाच्या भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात. २००२ मध्ये अमेरिकेत आठ्यांवरील उपचारासही मान्यता मिळाली, आणि रुग्णालयातली सुई सौंदर्याच्या बाजारात आली.

हे द्रव्य मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडविते; त्यामुळे स्नायू सैल पडतो. परिणाम दोन ते पाच दिवसांत दिसू लागतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्णत्वास जातो आणि साधारणतः तीन-चार महिन्यांनी ओसरतो. द्रव्य शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचले की पापणी पडते, एकाची दोन दिसतात, डोळा कोरडा पडतो किंवा हसू वाकडे होते. बसलेला परिणाम उलटविणारे औषध नाही; वाट पाहणे हाच मुख्य उपाय. पापणी थोडी उचलून धरणारे थेंब डोळ्यांचे डॉक्टर देऊ शकतात. डोळा मिटत नसेल तर त्याला कोरडेपणापासून जपावे लागते. क्वचित प्रसंगी मात्र हे विष दूरवर पसरते आणि गिळणे, बोलणे वा श्वास घेणे कठीण होते. ह्या धोक्याचा ठळक इशारा औषधासोबत छापण्याचे बंधन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये घातले. स्नायूंच्या दुर्बलतेचे काही आजार असलेल्यांना ही सुई धोक्याची ठरते, आणि जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके तिचा परिणाम वाढवू शकतात. आपल्याकडे साध्या तापातही जेंटामायसिन टोचले जाते. म्हणूनच 'अलीकडे कोणकोणती औषधे घेतली?' हा प्रश्न सुईपूर्वी विचारला गेलाच पाहिजे.

मिनिटांची लढाई

दुसरी सुई फिलरची, म्हणजे भरावाची. खोल गेलेले गाल, पातळ ओठ वा बसके नाक भरून काढण्यासाठी ती दिली जाते. ही कल्पना नवी नाही. व्हिएन्नाचे शल्यविशारद गेरझुनी ह्यांनी १८९९ मध्ये शरीरात पॅराफिन टोचण्याची रीत सुरू केली. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन ह्या सुंदरीने नाक सरळ करण्यासाठी तेच टोचून घेतले, आणि ते मेण खाली घसरून तिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला. पॅराफिन गेले, द्रवरूप सिलिकॉन आले, त्याच्याही गाठी झाल्या. आज प्रामुख्याने वापरले जाणारे हायल्युरॉनिक आम्ल त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे, कारण ते हायल्युरॉनिडेज नावाच्या दुसऱ्या द्रव्याने विरघळविता येते.

सूज, काळेनिळे डाग, लहानसहान गाठी हे भरावाचे नेहमीचे दुष्परिणाम बहुधा काही दिवसांत निवळतात. खरा धोका वेगळा आहे. भराव चुकून रक्तवाहिनीत गेला वा त्याच्या दाबाने वाहिनी बंद झाली, तर तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते; बहुधा तीव्र वेदना होतात, परंतु भूल दिली असेल तर त्या जाणवतही नाहीत. हायल्युरॉनिडेज ताबडतोब भरपूर प्रमाणात टोचले तर त्वचा वाचू शकते. उशीर झाला तर ती मरते आणि व्रण कायमचा राहतो. नाक आणि भुवयांमधील जागा ह्या दृष्टीने सर्वांत जोखमीच्या, कारण तेथील वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना मिळतात. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर दृष्टी वाचविण्यासाठी हाती केवळ काही मिनिटे असतात, आणि बहुतेक वेळा गेलेली दृष्टी परत येत नाही.

आता ह्या मिनिटांच्या हिशेबात आपले भूगोल घालून पाहा. उमापूरहून गेवराई, गेवराईहून बीड किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी. दुसरीकडे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. शहरात सकाळी भराव घेऊन संध्याकाळच्या बसने परतलेल्या मुलीच्या नाकावर रात्री निळसर डाग उमटला तर तिने कोठे जावे? जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना कोणते द्रव्य, किती आणि कोठे टोचले आहे हे कळण्याचा मार्ग नाही. त्यांच्याकडे ते विरघळविणारे औषध असण्याची शक्यताही नाही. 'सकाळपर्यंत बर्फ लावा,' असा फोनवरचा सल्ला मिळाला तर सकाळपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

मुरमाच्या गाठीत वा व्रणात दिले जाणारे स्टिरॉईडचे इंजेक्शनही ह्याच वर्गातले. मात्रा चुकली तर त्या जागी खड्डा पडतो, त्वचा पांढुरकी होते. तो खड्डा अनेकदा कालांतराने भरतो. परंतु लग्न ठरू पाहणाऱ्या मुलीच्या घरी ते 'कालांतर' कसे जाते, हे सांगायला नको.

नफा आणि भार

केनेथ अॅरो ह्यांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नसते. कापड हातात घेऊन पारखता येते; उपचार पारखण्याचे ज्ञान ग्राहकाकडे नसते, ते विकणाऱ्याकडेच असते. म्हणून तेथे विश्वास हाच व्यवहाराचा पाया ठरतो. पुढे १९७० मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ ह्यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन सिद्ध केले की, चांगला माल आणि वाईट माल ह्यांतील फरक ग्राहकाला कळत नसेल तर स्वस्त व वाईट माल हा चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो.

चेहऱ्यावरच्या सुईला हे तंतोतंत लागू पडते. जो डॉक्टर रीतसर शिकला आहे, अस्सल औषध शीतपेटीत ठेवतो, हायल्युरॉनिडेजचा साठा मुदत संपताच बदलतो आणि दोन आठवड्यांनी रुग्णाला पुन्हा तपासतो, त्याचा दर चढा असणारच. ह्यातले काहीही न करणारा निम्म्या दरात सुई देऊ शकतो. ग्राहकाला दोघांकडे सारखीच सुई दिसते. विरघळविणारे औषध न बाळगणे हे त्या दुसऱ्याच्या दृष्टीने काटकसरीचे आहे, कारण आग लागेपर्यंत पाण्याची बादली हा निव्वळ खर्चच असतो. आणि आग लागली तर घर जळते ते दुसऱ्याचे.

हा भार कोण उचलतो? आरोग्य विम्याच्या पॉलिसींत सौंदर्योपचार सामान्यतः वगळलेले असतात. मग उरते रुग्णाचे घर, किंवा सरकारी रुग्णालय. सरकारलाही हा भेद चांगला कळतो. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत वैद्यकीय सेवेला माफी आहे. परंतु जन्मजात व्यंग वा इजा ह्यांवरील उपचार सोडले तर सौंदर्यशस्त्रक्रिया त्या माफीतून वगळलेली आहे. म्हणजे कर घेताना सौंदर्योपचार निराळे ओळखता येतात. त्यांच्या दुष्परिणामांची जबाबदारी ठरविताना मात्र ते ओळखू येत नाहीत.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले की, बनावट वा चुकीच्या रीतीने दिलेल्या बोट्युलिनम इंजेक्शनांमुळे अकरा राज्यांतील २२ व्यक्तींना त्रास झाला आणि त्यांपैकी ११ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांतील काहींनी ही सुई घरी वा सौंदर्यकेंद्रात, अप्रशिक्षित हातांनी घेतली होती. त्याच महिन्यात न्यू मेक्सिकोतील एका विनापरवाना केंद्राचे प्रकरण प्रसिद्ध झाले. चेहऱ्यावर स्वतःच्याच रक्ताची इंजेक्शने घेण्यास गेलेल्या किमान तीन महिलांना तेथे एच. आय. व्ही.ची लागण झाली होती. जेथे कायदा कडक आणि नोंद चोख आहे तेथली ही कथा. आपल्याकडे अशी नोंद किती होत असेल, ह्याचा वाचकांनीच विचार करावा.

विक्रेत्यानेच गरज ठरवायची आणि परिणाम गिऱ्हाइकाने भोगायचे, ह्याचा कडू अनुभव आपल्या बीड जिल्ह्याने घेतलेलाच आहे. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दोन्ही प्रश्नांची तीव्रता सारखी नाही, आणि तशी तुलना करणे त्या मजूर भगिनींवर अन्याय ठरेल. परंतु धडा समान आहे. शस्त्रक्रियेचे बिल एकदा फिटते. पाठदुखी, अशक्तपणा, बुडालेली मजुरी ह्यांचे बिल आयुष्यभर येत राहते, आणि ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. तेव्हाही पाहणी झाली, नोंद झाली, म्हणूनच प्रश्न दिसला.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, ही श्रीमंतांची हौस आहे. दुष्काळ आणि बेकारी ह्यांनी गांजलेल्या मराठवाड्यात तिची चर्चा कशाला? ह्यास दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, हीच सुई गुरुजींसारख्या रुग्णांची, तिरळ्या डोळ्यांची, मानेच्या आकडीची आणि पक्षाघातानंतर ताठरलेल्या हातापायांचीही सुई आहे; तिची बदनामी झाली तर खरा गरजू तिला मुकतो. दुसरे म्हणजे, हौस आता श्रीमंतांपुरती उरलेली नाही. मोबाईलच्या पडद्यावर घासूनपुसून गुळगुळीत केलेले चेहरे वाडीवस्तीवर पोहोचले आहेत. ज्या समाजात मुलीचा रंग आणि नाकडोळे पाहून स्थळ ठरते, तेथे सुईचा आग्रह ही केवळ मुलीची हौस म्हणता येत नाही. ती लग्नाच्या बाजाराने तिच्यावर लादलेली किंमत असते. 'हौस केली, आता भोगा,' हे म्हणणे म्हणूनच निर्दयपणाचे आहे.

दुसरा आक्षेप काही डॉक्टरांचा आहे, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. दुष्परिणामांची यादी वाचून दाखविली तर रुग्ण घाबरून पळतील, बंधने वाढविली तर उपचार महाग होतील, असे ते म्हणतात. परंतु गुरुजींचा अनुभव नेमका उलट आहे. त्यांना यादीने नव्हे, यादीच्या अभावाने पळविले. पापणी पडू शकते आणि काही आठवड्यांत उठते, हे आधी ठाऊक असलेला रुग्ण धीर धरतो. ठाऊक नसलेला उपचारच सोडतो. खर्चाचे म्हणाल तर दर वाढतील, हे खरे. परंतु ती नवी किंमत नसून आजवर लपलेली किंमत असेल. सुईच्या दरात दुष्परिणामांच्या उपायाचा खर्च धरलेला नसेल तर तो दर स्वस्त नव्हे, खोटा आहे.

करावयाचे काय?

ह्यासाठी नव्या मोठ्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सौंदर्योपचार कोणी करावेत ह्याविषयी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शन केले, आणि कार्यशाळेत वा यू-ट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण त्यासाठी पुरेसे नाही, हेही स्पष्ट केले. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून अस्तित्वात आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे काम आहे, आणि १८००-१८०-३०२४ ह्या निःशुल्क क्रमांकावर सामान्य नागरिकही तक्रार नोंदवू शकतो. वैद्यकीय साधनांसाठी असाच कार्यक्रम २०१५ पासून आहे. व्यवस्था आहे, वापर नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जो सुई टोचतो त्याला तिचा दुष्परिणाम ओळखता व हाताळता आलाच पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे औषध त्याच खोलीत असले पाहिजे. टोचलेल्या द्रव्याचे नाव, मात्रा, जागा आणि कुपीवरील बॅच क्रमांक रुग्णाला लिहून मिळाला पाहिजे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागाची पावती आपण मागतो, मग चेहऱ्यात घातलेल्या वस्तूची का मागू नये? त्या कागदाच्या पाठीवर मराठीत चार ओळी असाव्यात : काय होणे साहजिक आहे, काय झाल्यास थांबू नये, रात्री कोणाला फोन करावा आणि पुन्हा कधी यावे. त्या पुन्हा येण्याचे शुल्क मूळ दरातच धरलेले असावे. परगावच्या रुग्णाला भराव दिल्यावर लगोलग बसमध्ये बसवून देऊ नये.

वाचकांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नये. गर्भवतीने वा स्तनदा मातेने बोटॉक्सच्या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावी. टोचलेली जागा चोळू नये. भरावानंतर त्वचा पांढरी वा निळसर पडली, वेदना वाढत गेल्या किंवा दृष्टी अंधुक झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता सुई देणाऱ्याला गाठावे आणि मोठ्या रुग्णालयाकडे निघावे. गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. संकोचापोटी लपवून ठेवण्याची प्रवृत्ती ह्या विषयात सर्वांत घातक ठरते. सासरी कळेल म्हणून गप्प बसलेल्या मुलीचा वेळ परत आणता येत नाही.

आमच्या शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना पैशाची बचत शिकविली जाते, वजनमापातील फसवणूक ओळखायला शिकविले जाते. त्याच तासाला 'टोचण्यापूर्वी विचारायचे चार प्रश्न' शिकविले तर अभ्यासक्रमाचे काही बिघडणार नाही. कोण टोचणार? काय टोचणार? बिघडले तर काय करणार? आणि ते करण्याचा खर्च कोणाचा? ह्या चार प्रश्नांना उत्तर देणारा डॉक्टर विश्वासास पात्र आहे. जो ह्या प्रश्नांवर रागावतो त्याच्या खोलीतून उठून यावे.

गुरुजींकडे गेल्या आठवड्यात गेलो होतो. बोलताना ते अजूनही डाव्या गालावर हात धरतात. आपल्याला झाले होते ते काय होते, हे आता त्यांना ठाऊक आहे. पुन्हा इंजेक्शन घ्यावे की नाही, ह्याचा विचार ते करीत आहेत. 'ह्या वेळी आधी सगळे लिहून मागेन,' एवढेच ते म्हणाले. सत्तरीतल्या शिक्षकाला जे अनुभवाने शिकावे लागले, ते इतरांना एका कागदाने शिकता यावे, इतकीच अपेक्षा आहे.